दम म्हणजे विसरणे नव्हे

परवाच्या दिवाळी कार्यक्रमात आमच्या चिरंजीवांनी तबला वाजवला. हात तयार, वेग दांडगा, टाळ्या भरपूर. रिकामी मात्रा मात्र औषधालाही नव्हती!

तीनतालातली साधी दमदार तिहाई घ्या. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये दोनदा एकेक मात्रा दम. झाल्या १७. समेवरून निघालात की शेवटचा 'धा' पुढच्या समेवर. हिशेब पहिलीतल्या पोराचा, पण त्या दोन मोकळ्या मात्रांत ताल श्रोत्याला स्वतः धरावा लागतो, म्हणून सम अंगावर येते. तिथे 'तिरकिट' कोंबले तर गणित जुळते, ओढ जाते.

बालगंधर्वांना साथ करणारे अहमदजान थिरकवाँ यांचे एकल वादन ऐका. बोल इतके स्वच्छ, की दोन बोलांमधली जागाही ऐकू येते. आपल्यापासून तासाभरावरच्या पॉन्टिॲकला १९२७ साली जन्मलेला एल्विन जोन्स तसा भरगच्च ड्रम वाजवणारा. तरी कोल्ट्रेनबरोबर वाजवताना तो तीन-तीन आघातांच्या गटातला एखादा चक्क गाळतो, उरलेले निरनिराळ्या ड्रमवर वाटतो. भरणा तुटक होतो, लय तुटत नाही. मला थिरकवाँच जास्त भावतात, हा वयाचाही दोष असेल.

घरी येताना गाडीत हे सगळे चिरंजीवांना ऐकवले. तो म्हणाला, "बाबा, तिथे थांबलो तर सगळे काका-मावश्या समजतील, मी विसरलो."