दहा सेंटिमीटरचं ऐश्वर्य

औरंगाबादच्या जालना रोडवर आजही अधूनमधून पहिल्या पिढीची स्कोडा सुपर्ब दिसते. पाटीवर एमएच २०, रंग काळा नाहीतर चंदेरी, वय विशीच्या आसपास. पुढेमागे नव्या एसयूव्हींची गर्दी असते, सगळ्यांच्या तोंडावर एलईडीच्या पट्ट्या आणि हातभर उंचीच्या जाळ्या. त्या गर्दीत ही गाडी स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही, पण एकदा नजर गेली की हलत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक महागड्या गाड्या आज एकतर बिचाऱ्या दिसतात किंवा हौसेनं जपलेल्या जुन्या वस्तू वाटतात. सुपर्ब अजूनही नुसती देखणी दिसते. हे कशामुळे घडलं, ते तिचा बांधा नीट पाहिला की उलगडत जातं.

नाव जुनं आहे. स्कोडानं १९३४मध्ये आपल्या मोठ्या, ऐटबाज गाडीला सुपर्ब म्हटलं आणि १९४९पर्यंत ते नाव चालवलं. मग अर्धशतक ते मिटून ठेवलं. २००१च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ते पुन्हा उघडलं, तेव्हा कंपनी फोक्सवॅगन समूहात येऊन दहा वर्षं झाली होती. चेक प्रजासत्ताकातल्या क्वासिनी इथं ही गाडी बनू लागली. त्याच वर्षी आपल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना सुरू झाला, पहिली ऑक्टाव्हिया तिथून बाहेर पडली आणि २००४मध्ये सुपर्बही भारतात आली. युरोपातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी शेंद्र्यात व्हायची. म्हणून या शहरात या गाडीकडे परकी चैनीची वस्तू म्हणून कधी पाहिलं गेलं नाही. ती आपल्या जालना रोडवरून निघालेली गाडी होती.

तिच्यावर पहिल्या दिवसापासून एक आरोप आहे: ही तर ताणलेली पसाट. आरोप खरा आहे. खालचा सांगाडा त्या काळच्या फोक्सवॅगन पसाटचा, तोही चीनमधल्या लांब पसाटसारखा वाढवलेला. पण 'नक्कल' हा शिक्का बसला की माणसं पाहायचीच थांबतात. बीबी का मकबऱ्याचं आपण हेच केलं. ताजमहालाशी तुलना करून मोकळे झालो, आणि दख्खनच्या त्या वास्तूचं स्वतःचं उभट, सडपातळ रूप किती जणांनी डोळे भरून पाहिलं? सुपर्बलाही तो न्याय द्यायचा तर मूळ गाडीत नेमकं काय बदललं, तिथून सुरुवात करायला हवी.

आकडे बोलके आहेत. पसाटची लांबी ४७०३ मिलिमीटर, सुपर्बची ४८०३. पसाटच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २७०३, सुपर्बचं २८०३. म्हणजे वाढलेले दहाच्या दहा सेंटिमीटर दोन चाकांच्या मधेच गेले. नाकाला एक बोट मिळालं नाही, शेपटीलाही नाही. सगळी वाढ मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी आहे, आणि बाहेरून ती मागच्या दाराच्या लांबीत दिसते.

या एका निर्णयानं गाडीचं सगळं रूप पालटलं. या पसाटचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं आणि पुढच्या चाकांच्याही पुढे आलेलं. त्यामुळे चाकापासून बंपरपर्यंतचा भाग लांब, आणि बाजूनं पाहिलं तर गाडी थोडी नाकावर झुकल्यासारखी वाटते. हा त्या बांधणीचा जन्मजात दोष. सुपर्बमध्ये नाक तेवढंच राहिलं, पण मागचं चाक दहा सेंटिमीटर मागे सरकलं. दोन चाकांमधला भाग वाढला आणि त्याच्या प्रमाणात पुढचं नाक आखूड दिसू लागलं. मूळ गाडीला जो तोल नव्हता, तो ताणल्यामुळे आला. नक्कल म्हणून हिणवलेली गाडी मुळापेक्षा जास्त समतोल निघाली.

ताणलेल्या गाड्यांचा नेहमीचा घोटाळा टपात होतो. मधला भाग लांबवला की टप सपाट पडतो, मागचं दार मधेच जोडल्यासारखं वाटतं आणि गाडी पोटात लचकते. इथं तसं झालेलं नाही. पुढच्या काचेच्या पायथ्यापासून निघालेली रेषा एका श्वासात वर चढते, माथ्यावर जराशी विसावते आणि मागच्या काचेवरून डिकीपर्यंत उतरते. पसाटमध्ये हीच कमान जास्त फुगीर होती. सुपर्बला पल्ला जास्त मिळाला, म्हणून कमान शांत झाली. मोठ्या गाडीला जो भारदस्तपणा लागतो तो तिला या शांत कमानीनं दिला, त्यासाठी क्रोमची उधळण करावी लागली नाही.

आता पत्र्याकडे या. दारांवर एकही वाकडीतिकडी घडी नाही. खिडक्यांखालून जाणारा खांदा, दारांच्या मधून जाणारी पट्टी आणि तळाची कड, एवढ्या तीन आडव्या ओळींत अख्खी बाजू मांडलेली आहे. मधला पत्रा सपाट वाटतो, पण हलका बाहेर फुगलेला आहे. मराठवाड्यातल्या दुपारच्या उन्हात धारदार घड्यांच्या गाड्या पाहाव्यात: प्रत्येक घडीखाली काळी सावली पडते आणि गाडीचे तुकडे पडतात. सुपर्बच्या फुगीर पत्र्यावर तेच ऊन पसरत जातं, कुठं तुटत नाही. दार आणि चौकटीमधल्या फटी अरुंद आणि एकसारख्या आहेत. फोक्सवॅगन समूहाचे प्रमुख फर्डिनांड पीएख यांच्या काळात समूहात या फटींबद्दल मोठा कटाक्ष होता. ते काम साध्या पत्र्यावर उठून दिसतं. नक्षीदार पत्र्यात चुका लपतात, इथं लपायला जागाच ठेवलेली नाही.

तोंडाची ठेवण तेवढीच आवरलेली. उभ्या पट्ट्यांची जाळी, भोवती क्रोमची चौकट, त्यावर पंखांचा बाण असलेलं चिन्ह आणि तिथून बॉनेटच्या मधोमध काचेकडे जाणारा उंचवटा. जाळी, चिन्ह आणि बॉनेट हे तीन वेगळे भाग त्या उंचवट्यानं एका सूत्रात ओवले जातात. जाळीची उंची बेताची. आजच्या मोठ्या गाड्या समोरच्याला दटावतात. ही नुसती ओळख देते आणि बाजूनं निघून जाते.

या गाडीतली मला सर्वात आवडणारी गोष्ट बाहेरून दिसतच नाही. मागचं दार उघडलं की त्याच्या कडेत एक गोल झाकण असतं आणि आत एक छत्री. पावसात उतरताना ओढून घ्यायची, भिजलेली तशीच परत खोचायची. पाणी निथळून बाहेर जायची सोय आत केलेली आहे. दाराच्या जाडीत मावणारी, दार बंद केल्यावर अदृश्य होणारी ही सोय म्हणजे या संपूर्ण गाडीचा स्वभाव आहे. पैसा कुठं खर्च केला, तर आत बसणाऱ्याला उपयोगी पडेल तिथं. दहा सेंटिमीटर गुडघ्यांसाठी, छत्री पावसासाठी. जे पाहुणचारासाठी केलं, तेच पुढे रूप ठरलं.

सगळंच टिकलं असं नाही. हेडलाइटवरचं प्लॅस्टिक आपल्या उन्हात पिवळं पडतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यासारखी गाडी एकदम म्हातारी दिसते. पॉलिश करून घेतलं की दहा वर्षं उतरतात. पाठीमागची बाजू पुढच्याइतकी विचारपूर्वक वाटत नाही. डिकी भरदार आहे, पण बाजूच्या कमानीत जी लय आहे ती तिथं पोचेपर्यंत विरते. आतली लाकडी पट्टी त्या काळाची खूण सांगते. हे सगळे दोष वरवरचे आहेत, साहित्याचे आणि सजावटीचे. बांध्यात दोष नाही, आणि वय शेवटी बांध्यावरच कळतं.

तिच्या पाठीमागून आलेल्या गाड्यांशी ताडून पाहिलं की हे आणखी पटतं. २००३ची बीएमडब्ल्यू पाच सीरिज आली तेव्हा तिच्या भुवया उंचावलेल्या दिव्यांनी खळबळ उडवली. धाडस मोठं होतं, पण ती आज पाहताच तिचं साल सांगता येतं. २००८ची दुसरी सुपर्ब कल्पक होती. तिची डिकी सेडानसारखी एकटीही उघडायची आणि मागच्या काचेसकटही. मागच्या सीटवर जागा आणखी वाढली. पण इंजिन आडवं बसवल्यामुळे दोन चाकांमधलं अंतर २७६१ मिलिमीटरवर आलं, पहिलीपेक्षा चार सेंटिमीटर कमी. पुढचं तोंड उंच आणि जड झालं. सोयींत ती सरस, ठेवणीत पहिलीच. तिसऱ्या सुपर्बपासून रेषा सुरीसारख्या धारदार झाल्या. ती फार सुरेख गाडी आहे, मात्र तिच्या सौंदर्याची सगळी मदार त्या धारेवर आहे. पहिलीची मदार प्रमाणावर आहे, आणि प्रमाणाची फॅशन बदलत नाही.

या शहराला श्रीमंती दाखवायची दुसरी रीतही चांगली माहीत आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभर औरंगाबादचं नाव गाजलं. ती घटना अभिमानाचीच होती. मागास भागातलं शहर म्हणून ज्याला गृहीत धरलं जायचं, त्यानं आपली ताकद सांगितली. पण त्याआधी काही वर्षं शेंद्र्यातून निघालेल्या सुपर्बमध्ये याच शहरातली एक अबोल श्रीमंती फिरत होती. सुपर्ब विकत घेणाऱ्याला बॉनेटवरच्या चांदणीपेक्षा मागच्या सीटवर आईवडिलांना ऐसपैस बसवता यावं, याचं मोल अधिक होतं.

आता शेंद्र्यात सुपर्बची जुळणी होत नाही, आणि जुन्या सुपर्बचा भाव बाजारात पार उतरलेला आहे. भावावरून तिच्या रूपाची किंमत करू नये. पुढच्या वेळी ती रस्त्याकडेला उभी दिसली तर समोरून पाहू नका, बाजूला पाच पावलं मागे सरा. आधी मागचं दार पाहा, मग दोन चाकांमधलं अंतर, मग टपाची कमान. त्यानंतर शेजारी उभ्या असलेल्या नव्या गाडीकडे त्याच क्रमानं पाहा आणि तिचे दिवे, तिची जाळी, तिच्या घड्या मनानं पुसून टाका. जे उरेल ते वीस वर्षांनी दिसणार आहे. सुपर्बच्या बाबतीत पुसण्यासारखं फार थोडं होतं, म्हणून ती आजही पूर्ण दिसते.