कोरड्या गावातला पाऊस

‘तुंबाड’ (२०१८) मधला वाडा पाहायला हुपरीहून सासवडला गेलो. खरं तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यात, जगबुडीच्या काठी. चित्रपटात तिथं शापाचा पाऊस थांबत नाही. पुरंदरे वाड्याचं सासवड मात्र कऱ्हेकाठचं, पर्जन्यछायेतलं. बुरुजाखाली पायाला फुफाटा लागला. राही अनिल बर्वे यांनी देशावरच्या दगडावर कोकणचा पाऊस ओतला, आणि सांधा कुठं दिसत नाही. हे श्रेय त्यांना कमीच मिळालं; सगळी शाई हस्तरवर खर्च झाली. मी चांदीच्या गावचा. मला हस्तरपेक्षा विनायकाची भीती वाटते. जीव धोक्यात घालून आणलेली मुद्रा तो पुण्यात सावकारापुढं ठेवतो, रोजचा माल ठेवावा तशी. असा निर्विकार चेहरा आमच्या पेठेत मी पाहिलाय.