'एकच प्याला' वर्गात वाचताना

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मद्यनिषेध सप्ताह येतो. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत भाषण, प्रभातफेरी, शपथ असा कार्यक्रम ठरतो आणि कोणीतरी 'एकच प्याला'तील प्रवेश सुचवतो. गडकऱ्यांचे हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी नागपूरजवळच्या सावनेरला वारले होते. नाटकाच्या प्रभावाबद्दल आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ते व्यसनाविषयी काय शिकवते, आणि त्यातले खरे किती?

एक गोष्ट गडकऱ्यांनी अचूक हेरली आहे. सुधाकर चैनीसाठी पीत नाही. कोर्टात अपमान होतो, सनद रद्द होते, मन पेटलेले असते. तेव्हा त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो, तो दुःखावरचा उतारा म्हणून. म्हणजे पहिला पेला येतो तो औषधाच्या रूपाने!

आजचा तळीराम ओळखायचा तर इथेच थांबले पाहिजे. आजीच्या झोपेच्या गोळ्या, बाबांच्या कंबरदुखीच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाची उरलेली बाटली या वस्तू घरच्याच डब्यात असतात. कोडीन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम ही औषधे २०१३ च्या नियमाने एच-१ या अनुसूचीत आली. ती चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते. पण घरच्या डब्याची नोंद कोण ठेवणार? २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयोगटात दारू घेणारे १.३ टक्के, तर अफूवर्गीय पदार्थ घेणारे १.८ टक्के आढळले. या वर्गात हेरॉइनही येते आणि वेदनाशामक औषधेही. केवळ बाटलीकडे बोट दाखवणारा धडा म्हणूनच अपुरा पडतो.

दारू, झोपेची गोळी आणि कोडीन ही तिन्ही मेंदूचे काम मंद करतात. एकत्र पोटात गेली तर श्वास चालवणारे केंद्रच मंदावते; माणूस झोपेत दगावतो. 'औषधच आहे, काय होणार?' या समजुतीला हे उत्तर वर्गात स्पष्ट दिले पाहिजे. शिवाय वारंवार घेतल्याने मेंदू त्या मात्रेला सरावतो आणि तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागते. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून हा धोका कोवळ्या वयात अधिक.

आता नाटकाचा दोष. एकदा पेला ओठाला लागला की परतीची वाट नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. विज्ञान असे म्हणत नाही. व्यसन हा उपचार करता येण्याजोगा आजार आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. ज्या मुलाने एकदा चव घेतली आहे, त्याला 'आता सर्व संपले' असे सांगितले तर तो मदत मागायला येईल की लपवेल? भीतीची भाषणे फारशी टिकत नाहीत, हा अनुभव परदेशातही आहे. अमेरिकेत १९८३ साली पोलिसांमार्फत शाळांत सुरू झालेल्या 'डेअर' कार्यक्रमाचा टिकाऊ परिणाम पुढच्या तपासण्यांत जवळजवळ दिसला नाही.

गंमत अशी, की या सूत्राला उत्तर नाटकातच आहे. भगीरथही पिणारा, पण रामलाल त्याला हात देतो, समाजाच्या कामाला लावतो आणि तो सुटतो. सुधाकरही दारू सोडतो, काम मागत दारोदार फिरतो. लोक 'दारुडा' म्हणून हिणवतात आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. दोघांत फरक पेल्याचा नाही, भेटलेल्या माणसांचा आहे. शेवटच्या अंकातील मृत्यूंच्या गदारोळात आपले लक्ष याकडे जात नाही.

म्हणून आमची सूचना अशी : शेवटचा अंक बाजूला ठेवावा. तळीरामाचा आग्रह, सुधाकरची नोकरीसाठी वणवण आणि भगीरथाचे सुटणे हे तीन प्रसंग वाचावेत. मग मुलांना विचारावे : सुधाकर त्या वेळी कोणाशी बोलू शकला असता? तळीरामाला 'नको' कसे म्हणाल? मित्र अडकला तर कोणाला सांगाल? नकार देण्याचाही सराव लागतो. शासनाचा १४४४६ हा मोफत मदत क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा.

राळेगाव तालुक्याला वर्धा नदी लागून आहे. नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, अलीकडे परवान्याची दुकाने. एकाच पेयाचे दोन कायदे मुले रोज पाहतात. 'बंदी आहे म्हणून पिऊ नका' हे उत्तर त्यांना पुरणार नाही. त्यांना कारण हवे, आणि चुकल्यावर ज्याच्याकडे जाता येईल असा एक तरी रामलाल हवा. तो शाळेत शिक्षकाखेरीज दुसरा कोण असणार?