एका मोजपट्टीत न मावणारा 'ध'

व्यंजने कानाला कशी ओळखू येतात, या विषयात ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांचा १९६४ सालचा शोधनिबंध आजही पायाभूत मानला जातो. त्यांनी तपासलेल्या अकरा भाषांत मराठीही होती. तेव्हा त्याची पारख मराठी शिक्षकांनी करायला हरकत नाही.

कल्पना साधी आहे. जीभ किंवा ओठ सुटून स्फोट होतो तो क्षण शून्य धरायचा आणि स्वरतंतूंचे कंपन त्याच्या किती आधी वा नंतर सुरू होते ते मोजायचे. 'दाट' म्हणताना कंपन स्फोटाच्या सुमारे शंभर मिलिसेकंद आधीच सुरू झालेले असते. 'ताट'मध्ये ते स्फोटापाठोपाठ येते, 'थाट'मध्ये बरेच उशिरा. एकाच काळपट्टीवर तीन व्यंजने सुटी होतात. आम्हाला ही मांडणी फार देखणी वाटते.

पण ज्वारीचे 'धाट'? त्यातही कंपन आधीच सुरू असते. या मापाने 'द' आणि 'ध' वेगळे पडत नाहीत. लेखकांनी हे प्रांजळपणे नोंदवले आहे. आमची तक्रार आहे ती इंग्रजीपुरते पाहून ही एकच खूण पुरते असे भासवणाऱ्या नंतरच्या लेखनाबद्दल. इंग्रजीला 'ध' लागत नाही. धाराशिवला तो पहिल्याच अक्षराला लागतो, आणि शेजारच्या भूमला 'भ'.

'ध'ची खूण स्फोटानंतर सापडते. स्वरतंतू कंप पावत असतात, पण पुरते मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते आणि पुढच्या 'आ'चा आरंभ श्वासमिश्रित होतो, त्याची पट्टीही किंचित उतरते. म्हणजे व्यंजनाची ओळख बरीचशी पुढच्या स्वरावर लिहिलेली असते! गळ्यावर बोटे ठेवून 'दाट', 'धाट' म्हणून पाहा. थरथर दोन्हीकडे जाणवेल. मग तळहात तोंडासमोर धरा.

हे ध्यानात घेतले की श्रुतलेखनातला 'दूद' वेगळा दिसू लागतो. शब्दाच्या शेवटी पुढे स्वरच नाही, मग खूण उमटणार कशावर? रोजच्या बोलण्यात आपण शिक्षकही बहुधा 'दूद'च म्हणतो, आणि मूल ऐकलेले इमानाने लिहिते. लेखनातली चूक जरूर दाखवावी, पण त्याचा कान कच्चा आहे असे म्हणू नये. त्याला 'दुधात साखर' म्हणायला सांगावे. 'आ' आला की 'ध' त्याला आपोआप ऐकू येतो.