सहीचा बाजार आणि ठशाचं मोल

फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्टच्या ‘द व्हर्च्यूज’ या आठ मुद्राचित्रांची विक्री हेनी या प्रकाशनसंस्थेनं सुरू केली. एका प्रतीची किंमत ३,००० डॉलर. प्रती किती छापायच्या, हे आधी ठरलेलं नव्हतं. विक्री सहा दिवस चालणार आणि तेवढ्या मुदतीत जितक्या मागण्या येतील तितक्या प्रती निघणार, असा बेत होता. ७,४८१ प्रती खपल्या आणि सव्वादोन कोटी डॉलरच्या घरात रक्कम जमली. चेरीच्या बहराची, ॲल्युमिनियमवर चढवलेली ही इंकजेट छपाई सही-क्रमांकासह घरोघर पोचली. मुदतबंद विक्रीची ही रीत आता ब्रिटिश मुद्राचित्रांच्या धंद्यात इतकी रुळली आहे की तिच्यात कुणाला काही खटकतच नाही. मला खटकतं. पत्र्यावर थेट सुईनं कोरायच्या ड्रायपॉइंटमध्ये वर निघालेली तांब्याची कोर काही डझन प्रतींतच दबते आणि रेषेची मखमल निघून जाते. प्रती मर्यादित ठेवण्यामागे हे खरं कारण होतं. हर्स्टच्या आवृत्तीला मर्यादा घातली ती फक्त गिऱ्हाइकांच्या खिशानं.

मर्यादेचा बाजारासाठी वापर नवा नाही. १९२० च्या दशकात लंडनला एचिंगचा, म्हणजे ॲसिडनं कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांचा, ताप चढला होता. म्युरहेड बोन, डी. वाय. कॅमेरॉन, जेम्स मॅकबी यांच्या प्रती लोक भाव चढेल या हिशेबानं घेत आणि चढला की विकून मोकळे होत. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, अमेरिकी गिऱ्हाईक आटलं आणि हा सगळा डोलारा खाली आला. सॅम्युएल पामरच्या वळणाची निसर्गदृश्यं तांब्यावर कोरणाऱ्या तरुण ग्रॅहम सदरलंडला अखेर रंगचित्रांकडे वळावं लागलं. त्या लाटेतलं बहुतेक काम आज पाहवत नाही. बोनचा हात पक्का होता, यात वाद नाही; पण धुकं, पूल आणि कॅथीड्रल यांच्यापलीकडे या मंडळींना शहरात काही दिसलंच नाही.

त्याच १९२९ मध्ये लंडनच्या रेडफर्न गॅलरीत ब्रिटिश लिनोकटचं पहिलं प्रदर्शन भरलं. विसाव्या शतकातल्या ब्रिटिश मुद्राचित्रणाचा कणा इथे आहे असं माझं मत आहे, आणि ज्यांना तो सदरलंडच्या काट्याकुट्यांत किंवा सेंट आइव्हज गावच्या चित्रकारांच्या सभ्य अमूर्तात दिसतो त्यांच्याशी माझं जमत नाही. पिम्लिकोतल्या ग्रोव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्टमध्ये क्लॉड फ्लाइट १९२६ पासून लिनो शिकवत होता. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरायचं स्वस्त आच्छादन. त्याचे तुकडे शाळकरी पोरांनाही परवडत. सामान्य माणूस बिअरला किंवा सिनेमाच्या तिकिटाला जेवढे पैसे देतो तेवढ्यात त्याला खरं चित्र मिळावं, असा फ्लाइटचा आग्रह होता.

सिरिल पॉवरचं १९३४ च्या सुमाराचं ‘द ट्यूब ट्रेन’ जवळून पाहा. भुयारी गाडीचा डबा, डोक्यावर वाकलेलं छत, समोरासमोर बसलेल्या उतारूंच्या रांगा, हातात उघडी वर्तमानपत्रं. मुखवट्यासारखे तेच ते चेहरे एकामागे एक येतात आणि त्या पुनरावृत्तीतूनच गाडीचा वेग अंगावर येतो. फ्लाइटच्या पद्धतीत सगळ्या आकारांना बांधून ठेवणारा काळ्या रेषेचा मुख्य ठसा नसतो. प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक कापायचा, शाई लावायची, त्यावर पातळ जपानी कागद पसरायचा आणि पाठीमागून चमच्यासारख्या साधनानं हातानं घोटायचं. एक रंग दुसऱ्यावर चढला की तिसरा रंग कागदावरच जन्मतो; तो कुठल्याही ब्लॉकवर नसतो आणि कुठल्या डबीतही नसतो. घोटताना हात जिथे हलका पडला तिथे कागदाचा पांढरा कण श्वास घेतो, म्हणून एका आवृत्तीतल्या दोन प्रतीही तंतोतंत सारख्या निघत नाहीत. पॉवर हा मूळचा वास्तुविशारद. सिबिल अँड्र्यूजबरोबर त्याचा हॅमरस्मिथमध्ये स्टुडिओ होता, आणि अँड्र्यूजच्या ‘स्पीडवे’मधले (१९३४) मोटरसायकलस्वार याच पद्धतीतून झेपावतात. या सगळ्यामागे कुठलंही ‘मूळ’ तैलचित्र नाही. ही चित्रं लिनोत जन्मली आणि कागदावर पुरी झाली.

फ्लाइटचा आग्रह मात्र बाजारानं उलटा करून टाकला. २०१९ मध्ये डलविच पिक्चर गॅलरीनं या मंडळींचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि आज पॉवर-अँड्र्यूजचे गाजलेले लिनोकट लिलावात पाच आकडी पौंडांना जातात. बिअरच्या पैशातली कला बँकेच्या तिजोरीत गेली. याचं वाईट वाटतं, पण राग येत नाही. पन्नास-साठच प्रती असतील आणि मागणारे हजार असतील, तर भाव चढणारच.

राग येतो तो स्वस्ताईची रिकामी झालेली जागा कशानं भरली हे पाहून. ही जागा एके काळी उत्तम भरलेली होती. आर्टिस्ट्स इंटरनॅशनल असोसिएशननं १९४० मध्ये ‘एव्हरीमन प्रिंट्स’ काढली, तेव्हा एकरंगी प्रत एका शिलिंगाला मिळे. युद्ध संपताच ब्रेंडा रॉन्सलीनं ‘स्कूल प्रिंट्स’ चालवली. शाळांच्या भिंतींसाठी चित्रकारांनी थेट लिथोग्राफीसाठीच चित्रं करायची, ही तिची कल्पना होती. जूलियन ट्रेव्हेलियनचं ‘हार्बर’, केनेथ राउनट्रीचं ट्रॅक्टरचं चित्र, मायकेल रोथेनस्टाइनचं लाकूडतोडीचं चित्र ही १९४६ ची देणगी. चौकटींचा तुटवडा होता म्हणून चित्रकारांनी चौकटही कागदावरच छापून घेतली. लायन्स कंपनीनं १९४७ पासून आपल्या चहाच्या दुकानांत लिथोग्राफ लावले. स्कूल प्रिंट्सवर ना पेन्सिलची सही, ना क्रमांक. प्रती हजारोंनी निघाल्या. तरीही ती अस्सल मुद्राचित्रं आहेत, कारण ती छपाईसाठी आणि छपाईतूनच घडली.

याच्या शेजारी चित्रकार एल. एस. लाउरीच्या सह्या केलेल्या प्रती ठेवून पाहा. लाउरीनं स्वतः केलेले लिथोग्राफ मोजकेच आहेत. बाजारात फिरतात ती बहुतांश त्याच्या तैलचित्रांची ऑफसेटवर काढलेली छायाचित्रं, खाली पेन्सिलनं सही आणि कोपऱ्यात व्यापारी संघाचा उठावदार शिक्का. ‘गोइंग टू द मॅच’ हे मूळ तैलचित्र २०२२ मध्ये सॅलफर्डच्या द लाउरी या संस्थेनं ७८ लाख पौंडांना घेतलं आणि ते सार्वजनिक भिंतीवर राहिलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच चित्राच्या सही केलेल्या ऑफसेट प्रतीला हजारो पौंड पडतात, आणि त्याच लिलावात रोथेनस्टाइननं स्वतः कोरलेल्या लाकडी ठशाची प्रत तिच्या किमतीच्या एका अंशाला जाते. बँक्सीच्या २००४ च्या ‘गर्ल विथ बलून’च्या ६०० प्रती विनासही आणि १५० सहीच्या निघाल्या. चित्र तेच, पण सहीची प्रत कितीतरी महाग. मग संग्राहक विकत काय घेतो आहे?

‘यंत्र आलं म्हणून तुम्ही कुरकुरता,’ असं मला ऐकवलं जातं. यंत्राशी माझं वैर नाही. १९८६ मध्ये डेव्हिड हॉकनीनं कार्यालयातलं फोटोकॉपी यंत्र घेऊन ‘होम मेड प्रिंट्स’ केली. एकच कागद यंत्रातून पुन्हा पुन्हा काढायचा, दर वेळी नवं रेखाटन आणि नवा रंग त्यावर चढवायचा. फ्लाइटचा चमचा आणि हॉकनीचं कॉपी यंत्र यांत तत्त्वाचा काही फरक नाही. दोन्हीकडे चित्र थरांतून कागदावरच तयार होतं. लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत ख्रिस प्रेटरनं एदुआर्दो पाओलोत्झीसाठी १९६५ मध्ये छापलेलं ‘ॲज इज व्हेन’ असंच. छायाचित्री स्टेन्सिल वापरले म्हणून अशा कामाला अस्सल न मानणाऱ्यांना मुद्राचित्र कळलंच नव्हतं. हॉकनीची आयपॅडवरची, यॉर्कशरमधल्या वोल्डगेटची चित्रंही मी अस्सल मानतो, कारण पडद्यावर काढलेली ती रेखाटनं छापली जातात तेव्हाच वस्तू होतात. चित्र कुठे जन्मलं, एवढाच प्रश्न आहे. ते आधीच दुसरीकडे कॅनव्हासवर पुरं झालं असेल, तर हातात आहे ते त्याचं स्मरणपत्र. स्मरणपत्र जरूर विकावं, पण त्या नावानं आणि त्या भावानं.

चुकीच्या नावानं विकण्याचा रोग मुद्राचित्रांपुरता नाही; व्यापाऱ्यांची खानेवाटणीही तपासायला हवी. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ पासून १९६७ पर्यंत लंडनला राहिला. गॅलरी वननं १९५५ मध्ये त्याचं प्रदर्शन भरवून त्याचं नाव केलं. १९५८ च्या गुगेनहाइम पारितोषिकासाठी ब्रिटनतर्फे गेलेल्या पाच चित्रकारांत तो होता. तरी त्याची लंडनमधली चित्रं आज बहुधा दक्षिण आशियाई लिलावात लागतात, ‘मॉडर्न ब्रिटिश’मध्ये नाहीत. फ्रान्सिस बेकनच्या पिढीचा इतिहास त्याला वगळून लिहिणारे कॅटलॉग अपुरे आहेत.

मुद्राचित्रांत चांगलं काम आजवर होत आलं आहे, म्हणून तर हा राग. पाउला रेगोच्या १९८९ च्या ‘नर्सरी ऱ्हाइम्स’ एचिंग्जनी बालगीतांतली भीती उघडी केली. नॉर्मन ॲक्रॉइड २०२४ मध्ये गेला. तोवर तो बर्मंडसीच्या स्टुडिओत समुद्रातल्या बेटांची ॲक्वाटिंट्स करत होता. रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनात तो दरवर्षी असे, आणि शिक्षकाच्या पगाराचा माणूसही त्याची प्रत घेऊ शकत असे. ॲसिडनं खाल्लेला तो काळा रंग इंकजेटमधून निघत नाही.

म्हणून व्यापाऱ्यांनी प्रत्येक कागदासोबत तीन गोष्टी छापील लिहून द्याव्यात: पत्रा किंवा ठसा कुणी केला, छपाई कुणी केली आणि हे चित्र छपाईआधी दुसऱ्या कुठल्या रूपात होतं का. सही, क्रमांक, शिक्का नंतर. ही माहिती द्यायला ज्याला जड जातं, त्याच्या दुकानात प्रतिकृतीच असणार, आणि तिला हजारो पौंड देण्याचं काहीही कारण नाही.