चित्रं आपली, नियम उसने

दशावतारी गंजिफा दिवसा खेळायला बसलं, तर ज्याच्या हाती रामाचा राजा आला त्याने डाव सुरू करायचा. रात्री बसलं, तर तो मान कृष्णाच्या राजाचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा, अशी एकूण १२० गोल पानं. त्यातल्या पाच अवतारांत राजा-वजिराखालोखाल दहाचं पान मोठं. उरलेल्या पाचांत उतरंड उलटी होते आणि एक्का वजिराच्या पाठीशी येऊन बसतो. घड्याळात किती वाजले यावर डावाचा मानकरी ठरतो, आणि अवतार कोणता यावर लहान-मोठं ठरतं. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात ही कला सावरून धरली, म्हणून ही पानं आज विकत तरी मिळतात. घेणारे बरेच जण ती चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. रंगवणारे हात टिकले, खेळणारे फार थोडे उरले.

व्हिडिओ गेमला कला म्हणावं का, यावर पाश्चात्त्य जगात बरंच रण माजलं. चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१०मध्ये ठाम नकार दिला. २०११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकं आणि नाटकांना मिळणारं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण गेमनाही दिलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 'पॅक-मॅन', 'टेट्रिस', 'सिमसिटी' यांच्यासह चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले. मराठी वाचकाने हा वाद तिकडून उचलून आणण्याची गरज नाही, कारण खेळाच्या नियमातून काही सांगता येतं हे इथे पूर्वीपासून ठाऊक आहे.

मोक्षपट हा पटावरचा जुना खेळ त्याचा पुरावा. परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी सांगते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातल्या पटांच्या आधारे त्याचा माग काढला. पटावरची घरं म्हणजे गुण आणि दोष. कवड्यांचं दान आपल्या हाती नसतं, कुठे पाऊल पडेल ते ठरवता येत नाही, आणि वैकुंठाच्या दारात उभं असतानाही एखादा साप थेट तळाशी आणून सोडतो. पटावरची नावं न वाचताही ही शिकवण खेळणाऱ्याच्या अंगात मुरते, कारण ती त्याच्यावर गुदरलेली असते. १८९०च्या दशकात हाच खेळ इंग्लंडमध्ये छापला जाऊ लागला. हळूहळू पाप-पुण्य गळून गेलं आणि लहान मुलांची सापशिडी उरली.

कवितेत जी जागा शब्दांची, ती खेळात नियमांची. आजच्या महाराष्ट्रातल्या गेमनिर्मितीकडे या नजरेने पाहिलं, तर अभिमानही वाटतो आणि हळहळही.

अभिमानाची जागा सर्वांना माहीत आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' ऑगस्ट २०२०मध्ये निंटेंडो स्विचवर आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट इंडी गेमच्या नामांकनात झळकला. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड यांनी उभ्या केलेल्या या छोट्या चमूची २०१७मधली किकस्टार्टर मोहीम अपयशी ठरली होती. तरी गेम पूर्ण झाला, ही जिद्द विसरू नये. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे, कथाभागासाठी छायाबाहुल्या. पडदा कुठेही थांबवला तरी चित्र म्हणून उभं राहील, इतकं ते देखणं आहे.

खेळू लागल्यावर मात्र दुभंग जाणवतो. राजी खांबाभोवती गिरकी घेऊन असुरावर तुटून पडते, भिंतीवर चढून उलटी झेप घेते, तेव्हा तिचं कसरतपटू असणं आपल्या बोटांना कळतं. ते क्षण अस्सल आहेत. पण बाकीचा बराच वेळ दारं बंद होतात, शत्रूंची टोळी उतरते, ती संपली की दार उघडतं. हा साचा जगभरच्या मारधाडीच्या गेममधून जसाच्या तसा आलेला आहे. देवांच्या कथा भिंतीवरच्या चित्रांसमोर उभं राहून ऐकायच्या. कोडी म्हणजे फिरती वर्तुळं जुळवून चित्र पुरं करणं. पुराणकथा पाहायला आणि ऐकायला मिळते, पण तिच्यातल्या पेचात खेळणारा सापडत नाही. वर, तोंडावर हिंदू पुराण आणि आवाज इंग्रजी. हिंदी आवाज पुढे २०२२च्या सुधारित आवृत्तीत आला.

पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस बॅटल रॉयल' ऑक्टोबर २०२४मध्ये आला. सिंधू संस्कृती लयाला गेलीच नाही, ती ताऱ्यांपर्यंत पोहोचली, अशी त्यामागची कल्पना. सांगाडा पबजीच्याच कुळातला : विमानातून उडी, लूटमार, आकसत जाणारं वर्तुळ, शेवटी एक विजेता. तरी एक गोष्ट मनापासून दाद देण्याजोगी आहे. शेवटच्या टप्प्यात 'कॉस्मियम' नावाचं द्रव्य प्रकटतं आणि ते ताब्यात घेणाराही जिंकू शकतो. सगळ्यांना मारण्याऐवजी जिंकण्याचा दुसरा रस्ता उघडणं ही नियमातली कल्पना आहे, सजावटीतली नव्हे. अशा कल्पना आणखी हव्या होत्या.

चित्रं आपली आणि नियम उसने, हे असं का होतं, याचं उत्तर या धंद्याच्या जडणघडणीत आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेमकंपनीने २००८मध्ये पुण्यातला स्टुडिओ घेतला, २०१८मध्ये मुंबईत दुसरा उघडला. परदेशी गेमसाठी पात्रं, पोशाख, झाडं, इमारती घडवून देणारे स्टुडिओही इथे रुजले. उत्तम चित्रकार, मॉडेलर, अॅनिमेटर त्यातून तयार झाले. पण 'खेळ कसा असावा' हे ठरवण्याची खुर्ची बहुधा माँट्रियल, पॅरिस किंवा लॉस एंजेलिसमध्ये राहिली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचं काम पुणे-मुंबईकडे आलं, सप्टेंबर २०२०मध्ये त्याची घोषणाही झाली. झलक पाहून ग्राफिक्सवर टीकेचा भडिमार झाला, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२मध्ये काम माँट्रियलकडे सोपवलं गेलं. इथल्या कलाकारांना पुरता वाव मिळण्याआधीच ती संधी हातची गेली. पंधरा-वीस वर्षं दुसऱ्याच्या आराखड्यावर नक्षी काढणाऱ्या हातांना पहिल्याच स्वतंत्र कामात आराखडाही नवा जमावा, ही अपेक्षा मोठी आहे. तरी ती ठेवायलाच हवी.

नियमातून गोष्ट सांगण्याचा नमुना पाहायचा तर टोरांटोच्या विसाई गेम्सचा 'वेनबा' पाहावा. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची ही गोष्ट जुलै २०२३मध्ये आली आणि पुढच्या वर्षी पदार्पणाच्या गेमचा बाफ्टा घेऊन गेली. वेनबाकडे आईची पाककृतींची वही आहे, पण फाटलेली, पुसट झालेली. इडलीच्या साच्यातल्या थाळ्यांची रचना कशी, आधी काय, मग काय, हे खेळणाऱ्याने अंदाजाने जुळवायचं. मुलगा मोठा होतो, त्याला तमिळ नीट वाचता येत नाही, आणि खेळणाऱ्याचीही तिथेच अडचण होते. स्थलांतरात काय हरवतं, हे इथे कुणी सांगत नाही. खेळणारा ते हातातून निसटताना अनुभवतो. मोक्षपटाशी याचं जवळचं नातं आहे. अमेरिका, कॅनडात मराठी कुटुंबं काही कमी नाहीत, आणि त्यांच्याही घरी मसाल्याने डागाळलेल्या वह्या आहेत.

जवळ पाहायचं तर गोव्यातल्या अरमान संधू यांच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा 'फरगॉटन फील्ड्स' (२०२१) आहे. त्यात बंदूक नाही. लिखाण अडलेला एक लेखक, विकलं जाणार असलेलं लहानपणचं घर, किनाऱ्यावरचं गाव. संथ, थोडा अडखळता, पण स्वतःचा सूर असलेला गेम.

हे झालं गेम करणाऱ्यांचं. खेळणाऱ्यांकडे वळायचं तर नागपूरच्या नंदनवनात यावं. पूर्व नागपूरच्या या वस्तीत, केडीके अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आसपासच्या टपऱ्यांवर, फोन आडवे धरून बसलेल्या पोरांचं बोलणं ऐकावं. "नॉक झालो बे, रिव्हाइव दे ना!" "थांब, स्मोक टाकून राहिलो." खेळ पबजीचा, कोरियन मुळाचा, बेटं आणि बंदुका परदेशी, पण त्याभोवतीची बोली अस्सल नागपुरी. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै २०२१मध्ये तो बीजीएमआय म्हणून परतला, जुलै २०२२मध्ये पुन्हा हटवला गेला, २०२३च्या मे महिन्यात पुन्हा आला. या येण्या-जाण्यात पोरांची मैत्री, शिव्या, डावपेच टिकून राहिले. मराठी बोली गेमच्या बाहेर इतकी जिवंत आहे, आणि गेमच्या आत तिला जवळजवळ जागाच नाही.

याच शहराच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तेव्हा नागपूर आनंदाने न्हाऊन निघालं, आणि ते योग्यच होतं. चौसष्ट घरांच्या खेळाला बुद्धी म्हणणारी घरं पडद्यावरच्या खेळाला व्यसन म्हणतात. काळजी खोटी नाही. पण सरसकट बोलण्यात पैशांची ऑनलाइन रमी आणि 'राजी' एकाच पोत्यात भरली जातात. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता देणारा कायदा केला. निदान कायद्याने तरी ती पोती वेगळी केली. मराठी समीक्षेने हे काम आधीच करायला हवं होतं. चित्रपटासाठी मुंबईत १९६८मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं, त्यातून पाहण्याची, बोलण्याची, लिहिण्याची शिस्त आली. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. गेमच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. मराठी वृत्तपत्रांत गेम येतो तो आत्महत्येच्या, फसवणुकीच्या नाही तर बाजारभावाच्या बातमीतून. दोन दशकांपूर्वी मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी साध्या फोनसाठी काढलेले जावा गेम आज खेळून पाहायचे तर ते फोनच उरलेले नाहीत.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स या क्षेत्रांच्या धोरणाला मंजुरी दिली. आकडा ३,२६८ कोटींचा आहे. त्यातून इमारती आणि नोकऱ्या होतीलच. पण नियमांवर विचार करणारा माणूस इमारतीतून घडत नाही. तीन-चार जणांच्या चमूला वर्षभर, नफ्याची अट न घालता, एक लहान गेम करू देणारी पाठ्यवृत्ती त्यासाठी जास्त उपयोगी आहे, आणि ती मोठ्या रकमेचीही लागत नाही.

एक अडचण तर दूर झालेलीच आहे. देवनागरीची जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी नीट मांडणं गेम इंजिनांना वर्षानुवर्षं जमत नव्हतं. 'विठ्ठल'चे तुकडे पडायचे. मार्च २०२३मध्ये आलेल्या गोडो ४.० या फुकट, मुक्त स्रोताच्या इंजिनाने भारतीय लिप्यांची मांडणी सांभाळली. विषय तर विदर्भात दाराशी आहेत. वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी रंगभूमी घ्या, जिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, शंकरपटाच्या निमित्ताने गावं नाटकं लावतात, प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. एकाच रात्रीची दोन गावांची सुपारी, दुसऱ्या मंडळीने फोडलेला नट, अवकाळी पाऊस, उसना पेटीमास्तर. किंवा नागपूरच्या तान्ह्या पोळ्याची मारबत, पुतळ्यांची मिरवणूक : काळी १८८१पासून, पिवळी १८८५पासून, आणि दरवर्षी नवा बडग्या, म्हणजे यंदा शहराला कोणत्या पिडेवर राग काढायचा आहे याचा निवाडा. झाडीपट्टीचा मॅनेजर कोणत्या गावाला 'हो' म्हणेल आणि तेली मोहल्ल्यात यंदा कुणाचा बडग्या उभा राहील, हे निर्णय खेळणाऱ्याच्या हाती देणारा गेम नंदनवनातल्या एखाद्या लॅपटॉपवरही करता येईल. त्याला पहाडी रंगांची गरज लागणार नाही, आणि त्यातलं "काय करून राहिला बे" हे पडद्याच्या आत लिहिलेलं असेल.