कोड, कुष्ठ आणि व्रण : त्वचारोगांच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

वैद्यकाच्या परिभाषेची चर्चा होते तेव्हा अभ्यासकांचे लक्ष बहुधा शरीरांतर्गत इंद्रियांच्या व त्यांच्या क्रियांच्या नावांकडे जाते. ती नावे मुख्यतः तज्ज्ञांच्या व्यवहारातील असतात. प्लीहा रोग्याने डोळ्यांनी पाहिलेली नसते. त्वचेची गोष्ट निराळी आहे. त्वचेवरील विकार प्रथम रोग्यास दिसतो, मग शेजाऱ्यास, आणि सर्वांत शेवटी वैद्यास. साहजिकच त्याचे नामकरणही वैद्याच्या आधी घरात होऊन गेलेले असते. त्वचारोगांची परिभाषा घडविणाऱ्यास कोरी पाटी कधीच मिळत नाही. त्याने योजलेला शब्द दवाखान्याबाहेर पडताच लोकांच्या तोंडी असलेल्या जुन्या शब्दांच्या शेजारी जाऊन बसतो, आणि त्या शेजाराचे बरेवाईट परिणाम रोग्यास भोगावे लागतात.

प्रथम हा लोकभाषेतील संग्रह पाहणे अवश्य आहे. पुरळ, पुटकुळी, फोड, गळू, करट, केसतूड, काळपुळी, नखुरडे, गांध, घामोळे, चट्टा, खपली, वण, चामखीळ, वांग, कुरूप, घट्टा, जळवात, चिखल्या ही नावे चाळली असता दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, त्यांतील भेद काटेकोर आहेत. पुटकुळी व फोड यांत आकाराचा भेद आहे. केसाच्या मुळाशी झालेले ते केसतूड, नखाच्या कडेचे ते नखुरडे. पित्ताने उठते ती गांध, आणि ती काही वेळाने मागमूस न ठेवता जाते. दुसरी, या नावांचा मोठा भाग रोगाचा नव्हे, रोगलक्षणाचा वाचक आहे.

हे दुसरे वैशिष्ट्य अशास्त्रीय मानण्याचे कारण नाही. युरोपात त्वचारोगशास्त्राचा पाया घातला गेला तो नेमक्या याच रीतीने. व्हिएन्नाच्या प्लेंक याने १७७६ मध्ये, आणि त्याच्या पद्धतीला नेमकेपणा देऊन लंडनच्या रॉबर्ट विलन याने १८०८ च्या ग्रंथात, त्वचारोगांची वर्गवारी डोळ्यांना दिसणाऱ्या मूल चिन्हांवरून केली. विलनने असे आठ वर्ग कल्पिले. त्याने केले ते इतकेच की, व्यवहारातील सैल शब्दांना घट्ट व्याख्या दिली. मराठी परिभाषाकारांपुढे हा मार्ग खुला होता व आहे. 'पुटकुळी' म्हणजे अमुक व्यासापर्यंतचा, पातळ द्रवाने भरलेला उंचवटा, आणि त्याहून मोठा तो 'फोड', असे एकदा ठरविले की नव्या शब्दाची गरज उरत नाही. तथापि परिभाषेचा ओढा संस्कृताकडे राहिला. 'पुटकुळी' ग्राम्य आणि 'पुटिका' शास्त्रीय, ही समजूत अर्थभेदावर आधारलेली नाही. ती केवळ प्रतिष्ठेच्या कल्पनेवर आधारलेली आहे.

या ओढ्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. केंद्र सरकारने १९६१ मध्ये स्थापिलेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगापुढे सर्व भारतीय भाषांना समान अशी परिभाषा हे ध्येय होते, आणि असा समान साठा संस्कृतातूनच मिळू शकतो. संस्कृत धातूंपासून साधित रूपे सहज बनतात. 'पुटकुळी' पासून विशेषण बनविणे अवघड जाते. शिवाय त्वचाविकारांचे विवेचन आयुर्वेदात प्राचीन काळापासून आहे. ही सर्व कारणे मान्य केली तरी एक अडचण शिल्लक राहते. संस्कृत शब्द कोशात निश्चल पडून राहिलेले नाहीत. त्यांतील अनेक प्राकृताच्या वाटेने मराठीत उतरले, आणि उतरताना त्यांचा अर्थ पालटला. मूळ तत्सम रूप पुन्हा उचलले की एकाच शब्दाची दोन रूपे भाषेत समोरासमोर उभी राहतात. 'चर्मकील' आणि 'चामखीळ', 'व्यंग' आणि 'वांग' यांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. 'व्रण' आणि 'वण' यांच्या बाबतीत बिघडते. संस्कृतात व्रण म्हणजे वाहती जखम. मराठीत वण म्हणजे जखम भरून आल्यावर राहिलेली खूण. आता शिष्ट मराठीत 'व्रण' हा शब्दही 'वणा' च्या अर्थाने रूढ झाला आहे. परिणामी वैद्यकीय लेखनातील 'जठरव्रण' हा शब्द चालू दुखण्याचा वाचक की भरून आलेल्या दुखण्याच्या खुणेचा, असा संभ्रम वाचकास पडू शकतो.

याच प्रक्रियेचे सर्वांत गंभीर उदाहरण 'कुष्ठ' हे होय. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत कुष्ठ हे एका रोगाचे नाव नाही. ते वर्गनाम आहे. सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार तेथे सांगितले असून त्यांत दद्रू, पामा, विचर्चिका यांसारखे आज किरकोळ मानले जाणारे विकारही येतात. श्वित्र किंवा किलास, म्हणजे अंगावर पडणारे पांढरे डाग, याचा विचार त्याच प्रकरणाच्या आश्रयाने झाला आहे. परंतु सुश्रुताने भेदरेषा स्पष्ट आखली आहे. किलास केवळ त्वचेपुरते असते आणि ते स्रवत नाही. 'कुष्ठ' हा शब्द प्राकृतातून खाली आला तेव्हा हिंदीत त्याचे 'कोढ' झाले व ते महारोगाचे नाव ठरले. मराठीत 'कोड' झाले व ते पांढऱ्या डागांचे नाव ठरले. उच्चाराने इतके जवळचे हे दोन शब्द अर्थाने इतके दूर गेले.

मराठीत महारोगास इतर नावे होती. 'महारोग' हे एक. वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीच्या नावात १९४९ मध्ये तेच आले आहे. 'रक्तपिती' हे दुसरे. तेही अर्थांतराचेच फळ, कारण आयुर्वेदातील रक्तपित्त म्हणजे रक्तस्रावाचा विकार. पुढे 'महारोग' हा शब्द भीतिदायक वाटू लागला व त्याच्या जागी 'कुष्ठरोग' आला. यामागील हेतू निःसंशय उदात्त होता. याच हेतूने १९४८ च्या हवाना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने 'लेपर' ही संज्ञा टाकून देण्याची शिफारस केली, आणि ब्राझीलने १९९५ मध्ये रोगजंतू शोधणाऱ्या हॅन्सनच्या नावावरून बनविलेली संज्ञा कायद्याने सरकारी व्यवहारात आणली. परंतु मराठीतील बदलाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. 'कुष्ठ' चा अर्थ एका रोगापुरता आकुंचित होताच 'श्वेतकुष्ठ' या सामासिक शब्दाचा अर्थही बदलला. तो त्याच रोगाचा पांढरा प्रकार असा भासू लागला. वस्तुतः दोहोंत काहीही संबंध नाही. एक रोग हॅन्सनने १८७३ मध्ये शोधलेल्या जंतूमुळे होतो. दुसऱ्यात त्वचेतील रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि तो मुळीच संसर्गजन्य नाही. एका वर्गाच्या रोग्यांचा कलंक पुसण्याच्या प्रयत्नात तो दुसऱ्या वर्गाच्या माथी गेला.

युरोपच्या इतिहासातही हा घोटाळा झालेला आहे. ग्रीक 'लेप्रा' म्हणजे खवले सुटणारा विकार; महारोगास ग्रीक वैद्य 'एलिफंटियासिस' म्हणत. अरबी वैद्यकाची लॅटिन भाषांतरे होताना 'लेप्रा' हे नाव महारोगास चिकटले. विलनच्या वर्गीकरणातील 'लेप्रा' प्रत्यक्षात बव्हंशी सोरायसिसच होता. हे नाव त्यापासून तोडण्याचे काम हेब्राने १८४१ मध्ये केले. तेथे निर्णय झाला तो व्युत्पत्तीच्या आधारे नव्हे, तर रोगांचे स्वरूप निश्चित झाल्यावर.

संज्ञेचे परिणाम समाजात कसे उमटतात याची साक्ष विवाहाच्या व्यवहारात मिळते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात महारोग हा घटस्फोटास आधार होता. तो २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकला गेला. पांढऱ्या डागांचा त्या कलमात उल्लेख नव्हता. तरीही कोड असलेल्या मुलीचे लग्न जमविताना घरात जे घडते ते कलमाहून सौम्य नसते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' (२००६) या चित्रपटाचा विषय हाच आहे. नाव बदलल्याने वृत्ती बदलत नाही, हे खरे. पण चुकीचे नाव वृत्तीला शास्त्राचा आधार देते, हेही तितकेच खरे.

यावरून लोकभाषेतील प्रत्येक शब्द निर्दोष ठरतो असे मात्र नव्हे. 'नागीण' या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. ग्रीक 'हर्पीस', लॅटिन 'सर्पेन्स', संस्कृत 'सर्प' व 'विसर्प' ही सर्व सरपटणे या अर्थाच्या एकाच मूळ धातूची अपत्ये आहेत; मराठीने ती प्रतिमा स्वतंत्रपणे 'नागीण' या शब्दात बांधली. पण प्रतिमेबरोबर समजूतही आली : नागिणीची तोंडे जुळली की माणूस दगावतो. हा विकार एका मज्जातंतूच्या क्षेत्राला धरून, बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उमटतो. त्याची टोके सहसा जुळतच नाहीत. तथापि येथे वाच्य वस्तू एक व निश्चित आहे. शब्द ठेवून समजूत खोडता येते. 'श्वेतकुष्ठा' च्या बाबतीत समजूत शब्दाच्या घटकांतच बसलेली असल्याने शब्द ठेवून ती खोडता येत नाही. लोकशब्द स्वीकारावा की टाकावा याची कसोटी येथे सापडते.

या कसोटीने काही निष्कर्ष निघतात. लक्षणवाचक शब्द मराठीतील रूढच घ्यावेत व त्यांना व्याख्या द्याव्यात. खरूज, नायटा, नागीण यांसारख्या निश्चितार्थ नावांना हात लावू नये. जेथे प्राचीन संज्ञेशी आधुनिक रोगाचा मेळ निर्विवाद बसत नाही, तेथे परकी संज्ञा देवनागरीत घ्यावी. सोरायसिस म्हणजे एककुष्ठ, किटिभ की सिध्म, यावर अभ्यासकांचे एकमत नसता त्यांपैकी एक नाव परिभाषेत बसविणे म्हणजे वाद संपण्यापूर्वी निकाल देणे होय. 'कुष्ठ' हे वर्गनाम आयुर्वेदाच्या विवेचनात तसा स्पष्ट निर्देश करूनच वापरावे. आणि 'श्वेतकुष्ठ' हा शब्द पाठ्यपुस्तकांतून व आरोग्यपत्रकांतून काढून टाकावा. त्याच्या जागी शास्त्रीय लेखनात 'श्वित्र' ही जुनी, स्वतंत्र व निष्कलंक संज्ञा आहे. रोग्याशी बोलताना 'पांढरे डाग' एवढे पुरे. सुश्रुताने आखलेली भेदरेषा मराठी परिभाषेने पुसावी, याला कोणतेही शास्त्रीय कारण नाही.